कुणाला विचारलंत?

ब्लॅकटाउनला घर घेतलं तेव्हा नावाचा विचार काही केला नव्हता. सिडनीच्या पश्चिमेला खिशाला झेपतील अशी घरं तिथे होती, स्टेशन जवळ होतं, हॅरिस पार्कला जाऊन पोहे नि कढीपत्ता आणता येत होता, बास झालं. आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा पाकिटावरचा पत्ता वाचून म्हणाली, "काळं गाव? हे कसलं गं नाव?" मी म्हटलं, "असेल काहीतरी." ते 'काहीतरी' काय होतं ते कळायला लेकाची चौथी उजाडावी लागली.

चौथीला इथे इतिहासात 'फर्स्ट कॉन्टॅक्ट्स' नावाचा भाग असतो. गोरे यायच्या आधी इथे कोण होतं, ते आले तेव्हा काय झालं, वगैरे. आमच्या चौथीला शिवाजी महाराज होते, तसं यांच्या चौथीला हे. फरक एवढाच की महाराजांच्या पुस्तकात आपण कुठल्या बाजूचे हे पहिल्या पानापासून ठाऊक असायचं. इथे लेकाने पुस्तकातून मान वर करून विचारलं, "आई, आपण यातले कोण?" कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले.

२०२४च्या फेब्रुवारीत शाळेच्या पी अँड सीच्या मीटिंगला गेले होते. पी अँड सी म्हणजे आपल्या पालक-शिक्षक संघाचा इथला भाऊबंद. मुख्य काम सॉसेज भाजून पैसे जमवणं. शेवटी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की शाळा 'रॅप' करायचं म्हणतेय, रिकन्सिलिएशन ॲक्शन प्लॅन, आणि त्याच्या समितीवर एकदोन पालक हवेत. सगळ्यांनी एकदम आपापल्या फोनमध्ये डोकी घातली. मी हात वर केला. त्यात थोरपणा काही नव्हता, आदल्या ऑक्टोबरची टोचणी होती.

१४ ऑक्टोबर २०२३ला इथे सार्वमत झालं. ॲबोरिजिनल आणि टॉरस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांचं म्हणणं संसदेपर्यंत नेणारं एक सल्लागार मंडळ, 'व्हॉइस', राज्यघटनेत घालायचं की नाही? मतपत्रिकेवर यस किंवा नो असं स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. त्याआधी आठवडाभर आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर, "आपला काय संबंध? आपण तर परवा आलो." चकलीच्या ऑर्डरी आणि हे, दोन्ही एकाच धाग्यात. मी यस लिहिलं. नवऱ्याने काय लिहिलं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. देशाने साठेक टक्क्यांनी नो म्हटलं. त्यानंतर शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाई, ज्यांच्या जाकिटावर ॲबोरिजिनल झेंड्याचा काळा-लाल-पिवळा बिल्ला असतो, नेहमीसारख्या "मॉर्निंग, लव्ह" म्हणाल्या आणि मी उगाचच लेकाच्या दप्तराची चेन ओढत बसले.

घरी येऊन आईला फोनवर सांगायला गेले तर शब्दच सापडेना. रिकन्सिलिएशनला मराठीत म्हणायचं काय? 'समेट' म्हटलं की दोघंही भांडत होते असं वाटतं. 'सलोखा' हा पोलीस चौकीतल्या शांतता समितीचा शब्द. 'मनोमीलन' आपल्याकडे निवडणुकीआधी होतं आणि निकाल लागला की मोडतं. शेवटी म्हटलं, "ज्यांची ही जागा होती त्यांच्याशी नीट वागायला शिकायचा प्रकल्प आहे." आई म्हणाली, "त्याला प्रकल्प कशाला लागतो?"

पहिल्या बैठकीला आम्ही सहा जण होतो. दोन शिक्षिका, ग्रंथपालबाई, उपमुख्याध्यापक, एका मुलीचे लेबनीज बाबा आणि मी. नॅरागुनावली नावाची एक वेबसाइट आहे, रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलिया ही संस्था ती चालवते. रॅप तिथे पायरीपायरीने भरत जायचा. आधी शाळेने स्वतःची तपासणी करायची. वर्गात काय शिकवतो, आवारात काय दिसतं, आजूबाजूच्या ॲबोरिजिनल लोकांशी येणं-जाणं कितपत. आमचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'अजून सुरुवात व्हायचीय'. मग समितीवर कोण कोण आहे ते लिहायची वेळ आली आणि ग्रंथपालबाईंनी पेन खाली ठेवलं. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं त्यांच्यातलं एकही माणूस त्या खोलीत नव्हतं. "ते बघू नंतर," असं ठरलं आणि गाडी सगळ्यांच्या आवडत्या विषयावर आली. भिंत रंगवायची.

रिकन्सिलिएशन वीक २७ मे ते ३ जून असतो. २७ मे १९६७ला इथे एक सार्वमत झालं होतं. ॲबोरिजिनल लोकांना जनगणनेत धरावं आणि केंद्राला त्यांच्यासाठी कायदे करता यावेत, याला तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. ३ जून १९९२ला माबो खटल्याचा निकाल लागला आणि गोरे आले तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, ही समजूत न्यायालयाने मोडीत काढली. त्या आठवड्याच्या आदल्या दिवशी, २६ मेला, सॉरी डे. आईबापांपासून तोडून नेलेल्या मुलांवरचा अहवाल १९९७ साली त्या दिवशी संसदेत मांडला गेला. तर २७ मेच्या सोमवारी भिंतीचं उद्घाटन करायचं असं ठरलं, आणि मी जाहीर करून टाकलं की डिझाइन मी करते. मला वारली येते. मंडळाच्या गणपतीला दोन वर्षं मी वारलीची कार्यशाळा घेतलेली. ठिपके काय, रेघा काय, हात बसलेला.

चार रात्री बसून काढलं. मधे मोठं कांगारू, त्याची हाडं-आतडी बाहेरून दिसतात तसलं. भोवती ठिपक्यांची वर्तुळं, एका कोपऱ्यात बूमरँग, दुसऱ्यात डिजरिडू वाजवणारा माणूस. सगळ्यांना आवडलं. ग्रंथपालबाई तेवढ्या म्हणाल्या, "हे आधी कुणाला तरी दाखवायला हवं." त्यांनीच मग स्थानिक एईसीजीला लिहिलं. राज्यभर ठिकठिकाणी ॲबोरिजिनल पालक आणि शिक्षकांचे हे गट आहेत, शाळांनी सल्ला घ्यायचा तो यांच्याकडून. तीन आठवड्यांनी त्यांच्या ओळखीतल्या एक दारुग आँटी आल्या. दारुग म्हणजे आमच्या या भागातले मूळचे ॲबोरिजिनल लोक.

आँटी हे इथे नात्यापेक्षा मानाचं. वडीलधाऱ्या बाईला आँटी, पुरुषाला अंकल, आणि ते कुणीही म्हणायचं नाही, त्यांनी म्हणू दिलं तर. लेकाने विचारलं, "कुणाच्या आँटी?" म्हटलं, आपण नाही का गल्लीतल्या सगळ्यांना मावशी म्हणतो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. सत्तरीच्या असतील, गुडघ्याने बेजार, हातात थर्मास. लायब्ररीत त्यांनी माझा कागद टेबलावर पसरला, चष्मा लावला, आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग कांगारूवर बोट ठेवलं.

"हे आर्नहेम लँडचं. पार वर, उत्तरेला. हे ठिपके वाळवंटाकडचे, पापुन्याला १९७१च्या सुमाराला कागदावर नि बोर्डावर यायला लागले. त्या खुणा ज्यांच्या आहेत त्यांच्या आहेत, माझ्याही नाहीत. डिजरिडू पण उत्तरेचं. हे कुठून घेतलंत?"

"इंटरनेटवरून," मी म्हटलं.

"आणि कुणाला विचारलंत?"

आवाज चढवला नाही हो त्यांनी. थर्मासमधला चहा ओतून घेतला फक्त. पण माझे कान इतके तापले की पुढची दहा मिनिटं काय बोलणं झालं ते मला आजही सांगता येणार नाही.

गाडीत बसल्यावर राग आला, खोटं कशाला बोलू. चार रात्री घातल्या होत्या! घरी आल्यावर मात्र आमच्या ऑफिसातला 'हार्मनी डे' आठवला. दरवर्षी कुणीतरी मला म्हणतं, तू इंडियन ना, मग भांगडा करून दाखव. दरवर्षी मी सांगते की बाई, भांगडा पंजाबचा, आमची लावणी, आमची लेझीम, आणि दरवर्षी मला त्याचा संताप येतो. मीही नेमकं तेच केलं होतं. कथकलीचा रंगवलेला चेहरा, भांगड्याचा ढोल आणि बिहूचा नाच एकत्र करून वर 'महाराष्ट्राची संस्कृती' अशी पाटी.

आणि मग वारली. तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहितात तो सवाशिणी लिहितात, लग्न लावणारी बाई, धवलेरी, गाणं म्हणते, देव तिथे यावा लागतो. हे मला ठाऊक होतं. कार्यशाळेच्या सुरुवातीला दोन मिनिटं सांगायचेसुद्धा. जिव्या सोमा म्हसे यांचं नावही घ्यायचे. पण जन्मात एका वारली माणसाशी मी बोललेली नाही. आमचं गाव निफाडकडचं. द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून कोकणा मजूर यायचे, पोराबाळांसकट, बागेच्या कडेला पाल ठोकून राहायचे. त्यांच्या बोलीची नक्कल करून आम्ही भावंडं पोट धरून हसायचो, आणि मोठं कुणी आम्हाला गप्प करायचं नाही. आपण यातले कोण, या लेकाच्या प्रश्नाला माझ्या मनातलं उत्तरही ग्रुपसारखंच, 'आपण परवा आलो' हे होतं. ते फक्त ऑस्ट्रेलियापुरतं खरं होतं.

पुढच्या बैठकीला आँटी आल्या त्या अट घेऊनच. भिंतीचं नंतर. आधी सगळ्या समितीने रिचमंड रोड आणि रूटी हिल रोड नॉर्थच्या कोपऱ्यावरच्या मैदानात जाऊन उभं राहायचं.

प्लम्पटनच्या दुकानात जाताना मी त्या मैदानावरून शेकडो वेळा गेले असेन. गवत, थोडी झाडं, कुंपण. शनिवारी सकाळी आम्ही सहा जण तिथे उभे. ट्रकांच्या आवाजात आँटींना ओरडून बोलावं लागत होतं. इथे नेटिव्ह इन्स्टिट्यूशन होती. गव्हर्नर मॅक्वारीने आधी ती १८१५ साली पॅरामाटाला काढली, १८२३ मध्ये इथे हलवली, १८२९ पर्यंत चालली. चार ते सात वर्षांची ॲबोरिजिनल मुलं घ्यायची, इंग्रजी वळण लावायचं. नियम असा की एकदा मूल आत गेलं की मुलगा सोळा वर्षांचा आणि मुलगी चौदा वर्षांची होईपर्यंत आईबापांनाही त्याला परत नेता येणार नाही. भेट वर्षातून एका दिवशी. या जागेला लोक 'ब्लॅक टाउन' म्हणायला लागले, पुढे आगगाडी आली तेव्हा स्टेशनाला ते नाव पडलं, आणि आता ते माझ्या वीजबिलावर आहे.

पॅरामाटाच्या त्या शाळेत मारिया नावाची एक दारुग मुलगी होती. १८१९ साली तिथल्या मुलांची आणि गोऱ्या मुलांची एकत्र परीक्षा झाली, शंभरावर मुलं, आणि पहिला नंबर आला चौदा वर्षांच्या एका ॲबोरिजिनल मुलीचा. ती मारियाच, असं मानतात. पुढे तिने रॉबर्ट लॉक नावाच्या शिक्षा होऊन आलेल्या सुताराशी लग्न केलं, आणि १८३१ मध्ये आपल्या भावाला, कोलबीला, मिळालेली जमीन आपल्याला मिळावी म्हणून गव्हर्नरला अर्ज केला. ती मिळाली १८४३ साली. बारा वर्षं! सातबारावर नाव चढवायला लागणारा वेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आजचे पुष्कळ दारुग लोक स्वतःला तिचे वंशज सांगतात. आणि ते मैदान? २०१८ साली दारुग लोकांच्या संस्थेच्या नावावर परत झालं.

परतीच्या वाटेवर मी पाट्या वाचत आले. कोलबी आता एक उपनगर आहे, टाउनहाउसेस आहेत तिथे. ज्याच्याबरोबर त्याला ती जमीन मिळाली त्या नुराजिंजीच्या नावाच्या बागेत आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरांचे वाढदिवस झालेत, पावभाजीच्या पातेल्यासकट. माझी एक मैत्रीण पेमुलवुईला राहते. पेमुलवुई इंग्रजांशी बारा वर्षं लढला, १८०२ मध्ये त्याला गोळी घालून मारलं आणि मुंडकं इंग्लंडला पाठवलं. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अय्या, मला वाटलं एखादं फूल असेल." हसू नका, मलाही नुराजिंजी म्हणजे एखादा पक्षी वाटायचा.

मधल्या काळात पैशांवरून वाजलं. आँटींनी आपल्या कामाचं बिल दिलं, दोन सत्रं आणि एक सल्लामसलत, अगदी वाजवी. पी अँड सीत एक गृहस्थ म्हणाले, "हे तर त्यांच्याच समाजाचं काम ना? मग पैसे कसले?" दोघातिघांनी माना डोलावल्या. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे प्लंबर येतो तेव्हा नळ तुमचा म्हणून फुकट करतो का? उपमा फारशी जमली नाही, पण लेबनीज बाबा मोठ्याने हसले आणि बिल मंजूर झालं. एक सांगते, अशा समितीवर बसणार असाल तर पैशांचा विषय पहिल्याच बैठकीत काढा. नंतर काढला की तो उपकारासारखा वाटायला लागतो.

दुसरी चूक वर्गात झाली आणि ती जास्त लागली. लेकाच्या वर्गात एक ॲबोरिजिनल मुलगा आहे. एका शिक्षिकेने, अगदी प्रेमाने, त्याला उभं करून म्हटलं, "तुमच्या संस्कृतीबद्दल सांग ना सगळ्यांना." तो उभा राहिला, बुटाकडे बघत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आलाच नाही. लेकाने घरी येऊन सांगितलं म्हणून मला कळलं. आँटींना कळलं तेव्हा त्या प्रथमच चिडलेल्या दिसल्या. "नऊ वर्षांच्या पोराने शिकवायचं, मग पगार कुणाला?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून वर्गात आधी शिक्षकांनी शिकायचं असं ठरलं. रॅपमध्ये ते आता लिहूनच ठेवलंय. तो मुलगा दोन दिवसांनी आला. त्याची आई पुढे समितीवर आली, पण ती आँटींच्या सांगण्यावरून, आमच्या बोलावण्यावरून नव्हे.

भाषेचा तास मात्र झकास झाला. पॅरामाटाला पुष्कळ ईल मासे, त्या नावातच ईल बसलाय, म्हणून तिथल्या रग्बी संघाचं नावही ईल्स. हे ऐकून निम्मा वर्ग आँटींच्या खिशात गेला. वॉम्बॅट, वॉलबी, डिंगो, बूमरँग हे सगळे शब्द याच सिडनीच्या भाषेतले, म्हणजे मुलं रोज दारुग बोलत होतीच. 'वारामी' म्हणजे नमस्कार. आणि मग आला शब्द, रोमन लिपीत 'एन-जी'ने सुरू होणारा: ङुर्रा. जागा, मुक्काम, आपला मुलूख. इंग्रजी बोलणाऱ्या पोरांच्या जिभा अडकल्या. कुणी नगुरा म्हणे, कुणी गुर्रा. रविवारच्या मराठी शाळेत आमची पोरं दर आठवड्याला क ख ग घ ङ म्हणतात आणि दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, बाई, ङचा शब्द कुठला? बाई बिचाऱ्या 'वाङ्मय' सांगून सुटका करून घेतात. लेक उठला आणि "ङुर्रा" म्हणाला. आँटींनी चष्म्यावरून बघितलं. "पुन्हा म्हण." त्याने म्हटलं. "दारुगमधला 'द'सुद्धा असाच दातावर जीभ लावून म्हण," त्या म्हणाल्या, "तुला येईल." त्याला आलं, तो दगडातलाच द होता. महिनाभर घरात कुणी विचारलं नसतानाही ङुर्रा चालू होतं.

भिंतीचं ठरलं ते असं. प्राणी नाही, ठिपके नाहीत, गोष्टही नाही, कारण गोष्ट सांगायचा हक्क आमचा नाही. हात. ग्लेनब्रुकला, ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी, रेड हँड्स केव्ह आहे. मुलांना तिथे नेलं. खडकाच्या वळचणीखाली जुने हात, लाल, पांढरे, एकात एक. पुढे आडोसा लावलाय, शिवता येत नाही. हात दगडावर ठेवायचा आणि तोंडात भिजवलेला रंग त्यावर फुंकायचा. हात काढला की हाताएवढी कोरी जागा उरते. मुलं चक्क गप्प होती. एका मुलीने आपला पंजा हवेतच, एका लहान हातासमोर धरून मापून बघितला.

शाळेत आँटींनी पिशवीतून लाल मातीचे खडे काढले, दगडावर पाणी घालून उगाळले. मला वासानेच कळलं. गेरू! आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाला दर दिवाळीला आई लावायची तो गेरू. मी पटकन म्हणून गेले, "हे आमच्याकडेही असतं." म्हटल्यावर जीभ चावली, आता विचारतील कुणाला विचारलंत. त्या म्हणाल्या, "तुमच्यात कोण लावतं?" "आई." "मग ये, उगाळ." अर्धा तास उगाळत बसले. त्या एकदाच बोलल्या, "पाणी कमी."

भिंतीवर थेट नको, प्लायवूडच्या फळ्यांवर करा, असं त्यांचंच म्हणणं. शाळा उद्या भिंत पाडेल, फळ्या नेता येतात. तोंडाने फुंकणं नियमात बसेना म्हणून मुलांना फवाऱ्याच्या बाटल्या. पहिला हात कुणाचा, यावर शिक्षकांची कुजबुज झाली. आँटींनी कुणालाच नाव घेऊन बोलावलं नाही, नुसत्या फळी धरून उभ्या राहिल्या. तो बुटाकडे बघणारा मुलगा स्वतःहून पुढे आला. डावा हात ठेवला, करंगळी दुमडून. आँटींनी त्याच्या मनगटाखाली आपला हात आधाराला धरला आणि बाटली न घेता, सरळ तोंडानेच फुंकलं. नियमांकडे त्या क्षणी उपमुख्याध्यापकांनी पाठ फिरवली, त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. मुलाचा हात कोपरापर्यंत लाल. फळीवर चार बोटं नि एक ठेंगणं. लेकाचा हात पुढे सत्तावन्नावा की काय होता. युनिफॉर्मवर गेरू सांडून घेतला तो वेगळाच.

शाळेत इथल्या झाडांची बागही करायची होती, ती मला जमेल असं वाटलं होतं. वॉरिगल ग्रीन्स नावाची पालेभाजी असते, समुद्राकाठी माजते; कुकच्या खलाशांनीही ती खाल्ली होती. आँटींनी बजावलं की आधी उकळत्या पाण्यातून काढा आणि ते पाणी फेका, नाहीतर बाधते. अळू खाजतं म्हणून चिंच घालणाऱ्या बाईला हे काय सांगायचं! डाळ-दाणे घालून पातळ भाजी केली, स्टाफरूमला डबा नेला, रिकामा परत आला. लिलीपिलीची गुलाबी फळं मे महिन्यात लागलेली होती, तुरट-आंबट. हे झाड आपल्या जांभळाच्याच कुळातलं. आईला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, "रंग उडालेलं जांभूळ दिसतंय." कुंडीतलं लेमन मर्टल मात्र आँटींनी बाजूला ठेवलं. ते क्वीन्सलँडचं. वास सुरेख, पण इथलं नाही. म्हणजे झाडांच्या बाबतीतही मी भांगडाच केला होता.

कार्यक्रमपत्रिका छापून आल्या आणि तिसरी चूक दिसली, ही पुन्हा माझी. 'वेलकम टू कंट्री: सहावीचा कॅप्टन' असं मी टाइप केलं होतं. वेलकम त्या मुलखाच्या माणसानेच करायचं. घरात पाहुणा 'या बसा' म्हणत नाही. बाकीच्यांनी म्हणायचं ते अक्नॉलेजमेंट, की आम्ही कुणाच्या जागेत उभे आहोत ते आम्हाला ठाऊक आहे. पत्रिका पुन्हा छापल्या, खर्च मी भरला.

२७ मेला आँटींनी वेलकम केलं, दारुगमध्ये आणि मग इंग्रजीत, गुडघा दुखतोय म्हणून बसूनच. चौथीच्या मुलांनी आपली आपण लिहिलेली अक्नॉलेजमेंट वाचली. दरवेळी ऐकतो ती ठरीव चार वाक्यं नव्हती. एक मुलगी म्हणाली की माझं घर टेकडीवर आहे आणि त्या टेकडीचं जुनं नाव मला माहीत नाही, मी शोधतेय. लेकाने कुंपणाच्या मैदानाबद्दल लिहिलं होतं. वर्षातून एक दिवस, असं म्हणून तो थांबला आणि गर्दीत मला शोधायला लागला. मी हात वर केला तेव्हा पुढचं वाचलं. मागच्या रांगेत नवरा उभा होता, अर्धा दिवस रजा काढून. घरी जाताना म्हणाला, "ते मैदान कुठेय? मला दाखव." गाडी तिकडे वळवली.

रॅप वर्षअखेरीस मंजूर होऊन वेबसाइटवर लागला. मंडळाने गणपतीला वारलीची कार्यशाळा घ्यायला मला पुन्हा विचारलं होतं. म्हटलं, या वर्षी नको. डहाणूकडे चित्रं काढणाऱ्या एका बाईंचा नंबर मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून मिळवला, त्यांना विचारलं, ऑनलाइन शिकवाल का, किती घ्याल? त्यांनी आकडा सांगितला. मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं पडलं की एवढे? हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. चर्चा अजून चालू आहे.

नाताळच्या सुट्टीत गवत कापणाऱ्या कंत्राटी माणसाने बाग सफाचट केली. लोमँड्राची रोपं त्याला गवतच वाटली, त्याला तरी कुणी सांगितलं होतं? फेब्रुवारीत शाळा उघडल्यावर मी आँटींना फोन केला, म्हटलं, या शनिवारी नवी लावू का. त्या म्हणाल्या, "या उन्हात? एप्रिलपर्यंत थांब. आणि या वेळी माझे दर वाढलेत." रोपं आणून गॅरेजच्या सावलीत ठेवलीत, लेक रोज पाणी घालतो.